यादीत नसलेले हादरे

भाद्रपदात लागोपाठ तीन-चार दिवस ऊन पडलं, की आमच्या कर्जतमध्ये माणसांना हुरूप येतो. गाद्या गच्चीवर जातात, बुरशी चढलेल्या चपला ओट्यावर रांगेने वाळत पडतात, बायका गौरीच्या खरेदीला बाजारात निघतात. माथेरानच्या कड्यांवरून अजून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत असतात. खाली पोटरीला आलेलं भात उन्हात असं काही हिरवं दिसतं, की बघणाऱ्याने दोन मिनिटं थांबावं. मी थांबत नाही. मला त्या उन्हाची धास्ती वाटते. धो धो पाऊस असताना मी त्यामानाने शांत असते. पाऊस काय करतोय ते निदान ऐकू तरी येतं. ऊन पडलं की सगळं गप्प होतं. पाणी पिऊन जड झालेला डोंगर त्या गप्पपणात काय करत असेल, ते कोणाला कळणार?

"तुमचं काहीतरी उलटंच असतं बाई," शेजारच्या वहिनी म्हणतात. असेल. हा उलटेपणा मला एका भाद्रपदाने दिला. त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्या वर्षी गावातल्या एका छोट्या वाचनालयाने आपल्या परिसराची ओळख करून देणारं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. कर्जत-खालापूर भागातले डोंगर, नद्या, देवळं, विहार, जत्रा, जुन्या शाळा. प्रकरणं वाटून दिली होती. संपादक होते आमचे वकीलकाका. वकिली त्यांनी केव्हाच सोडली होती, पण समोरच्याचं बोलणं उलटतपासणीला घेतल्यासारखं ऐकायची सवय काही गेली नव्हती. माझ्या वाट्याला त्यांनी 'नैसर्गिक आपत्ती' दिल्या, आणि त्यातल्या भूकंपांना दोन पानं.

"दोनच?" मी विचारलं.

"दोन भरली तरी पुष्कळ," ते म्हणाले. "आणि हे बघा बाई, लोक काय, ट्रक गेला तरी भूकंप झाला म्हणतात. नोंद घेण्याजोगे असतील तेवढेच घ्या. बाकीच्यांना फाटा."

नोंद घेण्याजोगा म्हणजे कोणता, हे ठरवायचं काम असं माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर ते मला आवडलं. वहीच्या पहिल्या पानावर मी तीन अटी लिहून काढल्या. हादरा सरकारी यंत्रांनी टिपलेला असावा. एकापेक्षा जास्त गावांना जाणवलेला असावा. आणि त्याने काही पडझड, निदान घबराट तरी झालेली असावी. तिन्ही जमलं तर पुस्तकात. नाहीतर तांबड्या पेन्सिलीने शेरा: नोंद घेण्याजोगा नाही.

श्रावणातले माझे रविवार मग भूकंप गोळा करण्यात गेले. लोधिवलीला एका निवृत्त फिटरच्या घरी बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. घर जुन्या पुणे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तात्या लहान होते.

"फडताळातली भांडी एकेक करून खाली आली," ते म्हणाले. "आय भांडी पडल्यानी नाय घाबरली बरं का. सगळा आवाज एकदम थांबला, तवा घाबरली. कुत्रं नाय, किडा नाय. तशी शांतता मी पुन्हा नाय ऐकली."

"आणि त्यानंतर? आणखी कधी जाणवला?"

तेवढ्यात रस्त्यावरून टँकर गेला. मांडणीवरचे पेले किणकिणले. तात्यांनी तिकडे बोट दाखवलं.

"आता काय कळतंय बाई? दिवसाला शंभर वेळा भांडी वाजत्यात. उद्या खरा आला तरी आमी म्हणू, टँकर गेला."

आम्ही दोघंही हसलो. कोयनेचा भूकंप मी पक्का केला. गुजरातेत मोठा भूकंप झाला त्या सकाळी कर्जतला पंखे झुलले होते, तोही घेतला. माथेरानच्या एका घोडेवाल्याने सांगितलं, की एका पावसाळ्यात घोडे चढावर अडून बसले, काही केल्या पाय उचलेनात, आणि मग जमीन थरथरली. यंत्रात काही सापडलं नाही. शेरा मारला. एका म्हातारबांना पाटावर बसल्या बसल्या झोका गेल्यासारखं वाटलं होतं. शेरा. हळूहळू मला त्या तांबड्या पेन्सिलीची चटकच लागली. जे हजार लोकांना जाणवलं ते खरं, आणि एकट्यादुकट्याला जाणवलं तो भास. किती सोपं होतं सगळं.

श्रावण निम्मा सरला तेव्हा एका शनिवारी दुपारी सुनंदा आली.

सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावातलं तिचं बौद्ध कुटुंब, थोडी भातशेती. दहावीनंतर लग्न झालं, पण माहेरापासून फार लांब गेली नाही. डोंगरात एक वाडी आहे, वीस-बावीस घरांची, खालची माणसं तिला नुसतं 'वरची वाडी' म्हणतात. सुनंदा तिथे अंगणवाडी सेविका होती. रोज सकाळी कशेळ्याहून पुढे जीपने जायचं आणि मग तासभर चढायचं. तिची ओढणी खांद्यावर भिजलेली होती आणि हातातली प्लॅस्टिकची पिशवी मात्र कोरडी होती. पिशवीत शंभर पानी वही होती.

"जीपमधी कळलं, बाई भूकंप जमवतायत," ती म्हणाली. "माज्याकडं हायत थोडे."

मला हसू आलं. पोरीने रानमेवा आणावा तसे भूकंप आणले होते. मी वही उघडली. मुलांची वजनं, हजेरी, खिचडीचा हिशोब ठेवून ठेवून तिला लिहायची शिस्तच लागली होती. त्याच शिस्तीत तिने वाडीतले हादरे लिहिले होते. अक्षर अजून शाळेतलंच, गोल.

'सोमवार. मुलं जेवत असताना. ताटल्या वाजल्या. आवाज खालून आला.'

'गुरुवार. झऱ्याचं पाणी लाल आलं. दुपारी साफ.'

'शुक्रवार. अंगणवाडीचं दार लागेना. कालपर्यंत लागत होतं.'

'मंगळवार. हिरूबाईचं दार बी लागेना. तिची चूल तडकली.'

'बुधवार. दोनदा. पातेल्यातलं पाणी हाललं. मुलं हसली.'

अशी पानंच्या पानं. जून सरता सरता सुरुवात झाली होती.

"नाव माजं नका घालू पुस्तकात," ती म्हणाली. "वाडीचं घाला. वाडीचं नाव कुठंच नसतं."

तपासून सांगते म्हटलं. चहा घेऊन ती गेली. भूकंप मोजणारी यंत्रं काय टिपतात त्याची सरकारी यादी संगणकावर कोणालाही बघता येते. आठवडाभर मी रोज थोडा वेळ बसून सुनंदाची एकेक नोंद त्या यादीशी ताडून पाहिली. एकही जुळली नाही. एकही नाही. मी प्रत्येक नोंदीपुढे शेरा मारला. पानाचा समास खालपर्यंत तांबडा झाला.

पुढच्या शनिवारी ती विचारायला आली.

"सुनंदा, यातला एकही यादीत नाही गं."

"यंत्र लांब असंल."

"असेना. इतक्यांतला एखादा तरी दिसला असता. बरं, तुमच्या गावात जाणवलं कोणाला? तुझ्या घरी?"

"नाय. आमच्याकडं काय नाय. कशेळ्याला पन नाय. वाडीतच."

"मग बघ," मी म्हटलं. कोडं सुटल्यावर येतो तसा एक सूर माझ्या आवाजात आला होता, तो मला आजही ऐकू येतो. "एका वाडीपुरता भूकंप नसतो."

तिने वहीकडे पाहिलं. शेरे तिला दिसू नयेत म्हणून मी वही मिटून घेतली होती.

"मंग हाललं काय ओ बाई?"

"अगं, पाऊस किती आहे यंदा. वारा, विजा. कुठे खाणीत सुरुंग लावत असतील. घरं कुडाची तुमची तिथली, जरा काही झालं की थरथरणारच."

"बरं," ती म्हणाली. वही राहू दे म्हणाली, तिने नवी केली होती. फाटकापर्यंत जाऊन तिने चपला झटकल्या आणि पाऊस अंगावर घेत निघून गेली.

तिने मला प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं होतं ते दुसऱ्याच कशाचं तरी. हे मला तेव्हा कळलं नाही.

अकरा दिवस गेले. भाद्रपद लागला. गणपतीला तीन दिवस राहिले होते आणि वर्गात निम्मी मुलं मनाने मखर बांधत होती. मी नववीला डोंगरउतारांची झीज शिकवत होते. हा धडा मी किती वर्षं शिकवते कोण जाणे. फळ्याकडे तोंड करून मी मुद्दे सांगत होते: उतारावरच्या मातीत पाणी मुरतं, माती जड होते, तिची खालच्या खडकावरची पकड सुटते. मग ती हळूहळू सरकते. सरकण्याच्या खुणा लिहून घ्या. झाडं कलतात. झऱ्यांचं पाणी गढूळ होतं. घरांच्या भिंती तिरक्या होऊन दारं-खिडक्या अडकतात.

खडू फळ्यावरच थांबला. मागून एका मुलीने विचारलं, "बाई, दारं काय होतात?"

माझंच वाक्य मला ऐकू येत होतं: एका वाडीपुरता भूकंप नसतो. नसतोच. यंत्रांनी ते टिपलं नाही, कशेळ्याला कळलं नाही, कारण जमीन कुठे हललीच नव्हती. फक्त ती वाडी हलत होती. वाडी ज्याच्यावर बसली होती तो उतार हलत होता.

मुख्याध्यापकांना काय सांगितलं आठवत नाही. पिशवीत सुनंदाची वही टाकून मी कशेळ्याची जीप पकडली.

तो उन्हाचा दिवस होता. महिनाभराच्या पावसानंतरचा पहिला कोरडा दिवस. जीपमधून फोन करून मी सुनंदाला खाली बोलावलं होतं. ती मला वाटेच्या तोंडाशी भेटली, आणि मी काही बोलायच्या आत तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "यंत्रात सापडलं?"

"नाही," मी म्हटलं. "चल आधी."

चढण सोनकीने पिवळी झाली होती. बांधाबांधावर तेरडा फुललेला. मधमाश्यांचा आवाज येत होता आणि पाय ठेवू तिथून पाणी झिरपत होतं. एवढी सुंदर वाट मी दुसरी पाहिलेली नाही, आणि एवढी भीतीही कधी वाटलेली नाही. वाडीत पोचलो तर अंगणवाडीतून मुलांचं गाणं ऐकू येत होतं. मदतनीस बाई दाराशी उभी होती. दार उंबऱ्यावर चढून अर्ध्यात अडकलं होतं. मुलं आडवी होऊन आत-बाहेर करत होती आणि त्यांना त्याची गंमत वाटत होती.

सगळ्यात वर हिरूबाईचं घर. सत्तरीची, काटक बाई, एकटी राहायची. मुलगा माथेरानला हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा यायचा. अंगणात सात-आठ कोंबड्या होत्या. तिने आम्हाला घरामागे नेलं.

"ही बघा," ती म्हणाली. "आधी बोट जायचं. आता हात जातोय."

वरीच्या शेतात भेग होती. तिने बाजूची काठी उचलून आत सोडली. काठी गेली. पुरती गेली, आणि खाली आपटल्याचा आवाज आला नाही. आम्ही भेगेच्या कडेने चालत निघालो. ती सरळ नव्हती. विळ्यासारखी वळत वळत ती हिरूबाईच्या घरामागून निघाली होती, फणसाच्या मुळांखालून गेली होती आणि दोन्ही टोकांनी खाली उतरली होती. सगळी वाडी त्या विळ्याच्या आत होती.

"आजी, तुम्ही ही कोणाला दाखवली नाहीत?"

"सुनंदाला सांगितली की. ती लिवते."

मी सुनंदाकडे बघू शकले नाही.

सुनंदाने तिथूनच सरपंचांना फोन लावला. त्यांनी पुढे तालुक्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अधिकारी चढून आले, भेग पाहिली आणि त्यांनी एक क्षणही घालवला नाही. खालच्या गावातली शाळा मोकळी करून घेतली, वाडी आजच रिकामी करा म्हणाले. पण माणसं उठायला तयार होईनात. नाचणी उभी आहे. गुरं कुठे बांधायची? सण तोंडावर आलाय. भूकंप झाला असं रेडिओवर कुठे सांगितलंय? बापजाद्यांपासून राहतोय इथे. अधिकारी समजावून थकले. मी धड्यातलं सगळं सांगून पाहिलं. एका म्हाताऱ्याने मला शांतपणे विचारलं, "बाई, तुमी याआधी कदी आलावता हितं?"

तेव्हा सुनंदाने माझ्यापुढे हात केला. "वही द्या."

मी दिली. तिने पहिलं पान उघडलं आणि तिला समासातले तांबडे शेरे दिसले. एकाखाली एक, माझ्या वळणदार अक्षरात. तिने ते वाचले. बोटाने समास झाकून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"सोमवार. मुलं जेवत असताना. ताटल्या वाजल्या."

तिने पुढचं वाचलं. मग त्याच्या पुढचं. हिरूबाईच्या चुलीचं आलं तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "आमची बी तडकली त्याच दिशी." दुसरीने सांगितलं, तिची खुंटीवरची कोयती आपोआप पडली होती. एकाच्या गोठ्याचा खांब सुटला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच घराला काहीतरी झालंय. आपलंच घर जुनं, आपलीच बांधणी कच्ची. सुनंदा वाचत होती आणि लोक भर घालत होते. मघाशी ज्याने मला प्रश्न विचारला तो म्हातारा शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, "चला रं. भांडी काढा."

संध्याकाळच्या आत वाडी खाली आली.

त्यानंतरही ऊनच राहिलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. निरभ्र आकाश, स्वच्छ वारा. शाळेच्या व्हरांड्यात चुली मांडलेल्या, एकेका वर्गात चार-पाच घरं. तिथून वाडी दिसायची. डोंगराच्या कुशीत ती जशीच्या तशी बसलेली होती. काय झालं होतं तिला? काहीच नाही. लोक तिच्याकडे बघायचे आणि मग आमच्याकडे बघायचे. गणपती शाळेच्याच टेबलावर बसले. चौथ्या दिवशी काही माणसं दिवसाउजेडी वर जाऊन यायला लागली. कोणी नाचणी बघायला, कोणी राहिलेला पाटा-वरवंटा आणायला. सुनंदा वाटेच्या तोंडाशी उभी राहायची, जाणाऱ्याचं नाव लिहायची, परतला की खूण करायची. लोक तिची चेष्टा करायचे. "हजेरी घेतीय," म्हणायचे.

हिरूबाई रोज जायची. तिच्या कोंबड्या खुराड्यातच राहिल्या होत्या; शाळेत इतक्या माणसांत ठेवायच्या कुठे म्हणून तिने त्या आणल्या नव्हत्या. मूठभर दाणे घेऊन चढायची, पदरात अंडी घेऊन उतरायची. येताना प्रत्येक पोराच्या हातावर एकेक अंडं.

शुक्रवारी पाऊस पुन्हा लागला. शनिवारी सकाळची शाळा करून मी डाळ-तांदळाची पिशवी घेऊन पोचले, तेव्हा दुपारी जरा उघडीप मिळाली होती. हिरूबाई पदर खोचून निघाली होती.

"आजी, आज नको जाऊ," सुनंदा म्हणाली.

"कालपासून उपाशी हायत त्या."

"उद्या जा. मी येते संगं."

"उद्याचं उद्या. तू लिव माजं नाव," हिरूबाई हसून म्हणाली आणि चढायला लागली. सुनंदा व्हरांड्यातून उतरून तिच्यामागे थोडं अंतर गेली. तिने हाक मारली. वळणावर म्हातारीने मागे न बघताच हात वर केला, येते म्हटल्यासारखा.

तास-सव्वा तास झाला असेल. मी बायकांबरोबर तांदूळ निवडत होते. आवाज आला तो मोठा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. दूरवर कोणीतरी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा. मी मान वर केली तेव्हा डोंगराचा तो हिरवा भाग सरकत होता, सावकाश, झाडं उभीच्या उभी धरून. फणस काही क्षण तसाच ताठ राहून खाली येत होता. मग घरं दिसेनाशी झाली आणि तिथे तांबडी माती उघडी पडली. व्हरांड्यात कोणी ओरडलं नाही. सगळे नुसते उभे होते. नंतर जी शांतता झाली, ती तात्यांनी सांगितलेलीच असावी.

हिरूबाई दुसऱ्या दिवशी सापडली. मुलगा माथेरानहून आला होता. चिखलात गुडघाभर उभा राहून त्याने सुनंदाला एवढंच विचारलं, "आय वर गेलेली तुला म्हाईत होतं?" तिने मान हलवली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाकी सगळी माणसं शाळेच्या छपराखाली होती. सगळी. लोक मला आजही म्हणतात, बाई, तुमच्यामुळे वाचले. मी त्यांना अकरा दिवसांचं सांगते. कोणी ऐकून घेत नाही. वकीलकाका समजावतात, आधी खाली आणलं असतं तरी म्हातारी कोंबड्यांसाठी वर गेलीच असती. गेली असतीही. पण त्या अकरा दिवसांत कदाचित कोंबड्यांची सोय लागली असती. एखादं खुराडं शाळेमागे उभं राहिलं असतं. एवढीच तर गोष्ट होती. मी डोळे मिटले की मला माती दिसत नाही. समासातले ते तांबडे शेरे दिसतात.

दिवाळीनंतर पुस्तकाचं काम पुन्हा सुरू झालं. मी वकीलकाकांपुढे दोन्ही ठेवलं, माझी दोन पानं आणि सुनंदाची वही. त्या शनिवारची सरकारी यादीही मी बघून आले होते. त्या दुपारी आमच्या भागात काहीही नोंदलेलं नव्हतं.

"हा भूकंप नव्हे हो, दरड आहे," काका म्हणाले. "तुमच्या तीन अटींत बसत नाही."

"नाही बसत. म्हणूनच मी ते सोडून दिलं होतं."

त्यांनी चष्मा पुसला आणि वही पहिल्यापासून वाचायला घेतली. शेऱ्यांसकट. खिडकीबाहेर उल्हास नदीचं पाणी उतरलं होतं, पलीकडे कोणीतरी कपडे धूत होतं, तो आवाज तेवढा येत होता. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कोयना आणि गुजरात अर्ध्या पानात बसवा. उरलेल्या जागेत हे छापू." मी म्हटलं, भाषा जरा सुधारून घेते, 'दार बी लागेना'चं 'दारही' करते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं.

छापायला देण्याआधी सुनंदाची दुसरी वही मागवून घेतली. शेवटची नोंद होती: 'शनिवार. हिरूबाई वर गेली. मी हाक मारली. तिने हात केला.' पुढे पान कोरं. डोंगर पडल्याचं तिने लिहिलंच नव्हतं.

"हे कसं राहिलं गं?" मी विचारलं.

"ते सगळ्यांनी बगितलं ना बाई," ती म्हणाली. "ते कशाला लिवायचं?"

पुस्तक आता जुनं झालं. कुठल्या कुठल्या वाड्यांतल्या बायका सुनंदाला फोन करतात, कधी झऱ्याचं पाणी सांगतात, कधी भिंतीची चीर. पुष्कळदा काही नसतं. उंदराने पोखरलेलं असतं, वाळवी लागलेली असते. ती जाऊन बघून येते. लिहिते. मीही कधी जाते.

आज सकाळी तिचा फोन आला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या दोघी-तिघींनी कालपासून जमिनीतून घरघर ऐकली म्हणे. जात्यासारखी. खालच्या गावात कोणाला काही नाही. बोलता बोलता जुन्या सवयीने मी संगणकावर यादी उघडली होती.

"बगितलं का ओ बाई?" तिने विचारलं. "हाय काय यादीत?"

"नाही. काहीच नाही."

"मंग लवकर या," ती म्हणाली.